डावी किडनी

महादूकाका जेवायला थांबणार नाहीत, हे शेवंतीने त्यांच्या बसण्यावरूनच ओळखलं. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस घाटकोपरहून रिक्षाने मुलुंडपर्यंत आला होता, पण सोफ्याच्या अगदी कडेला टेकला होता आणि हातातली काठी सोडत नव्हता. चंद्रप्रकाशने त्यांना बोलावून घेतलं होतं. लेक निधीलाही बोरिवलीहून सकाळीच यायला सांगितलं होतं. रविवार असल्याने मुलगा सुबोध घरात होताच. म्हणजे नवऱ्याने रीतसर सभा भरवली होती आणि ती तिच्याविरुद्ध होती.

शेवंतीने चहाचा ट्रे टीपॉयवर ठेवला आणि स्वतःसाठी स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं. औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला सव्वीस वर्षं काढलेली बाई होती ती. युनियनच्या गेट मीटिंगला साहेबांसमोर कसं बसायचं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. पाठ ताठ ठेवायची आणि आपण होऊन पहिलं बोलायचं नाही.

"चंदू, ह्यां काय ऐकतंय मी?" काकांनी पुतण्याला विचारलं, पण बघत होते शेवंतीकडे. "ही आपली किडनी सुनेक देतां?"

"तेच तर," चंद्रप्रकाश म्हणाला. "उद्या दहा वाजता हॉस्पिटलच्या समितीसमोर जायचंय. मलाही बोलावलंय. नवऱ्याचं काय म्हणणं आहे, ते त्यांना माझ्या तोंडून ऐकायचंय. सही पण पाहिजे. मी करणार नाही सही."

काकांनी मान डोलावली. सुनेच्या, म्हणजे श्वेताच्या, दोन्ही किडन्या ब्लडप्रेशरने आकसून गेल्या आहेत आणि तेहतिसाव्या वर्षी ती आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जाते, हे त्यांना माहीत होतं. तिची आई कधीच वारली होती. वडिलांचं हृदय कमजोर होतं. गोरेगावच्या भावाने आधी हो म्हटलं आणि मग फोन उचलणं बंद केलं. सुबोधला डॉक्टरांनी तपासून दाता म्हणून नाकारलं, त्यालाही आठ महिने झाले होते. त्यानंतर कुणाला न सांगता शेवंती एकटी हॉस्पिटलात गेली आणि आपलं रक्त तपासून आली. ओ पॉझिटिव्ह. मग एकेक तपासणी होत गेली आणि प्रत्येकीत ती पास होत गेली. अडचण एकच होती. आई, बाप, भाऊ, बहीण, नवरा यांना कायदा जवळचं मानतो, सासूला मानत नाही. म्हणून ही समिती.

"शेवंते," काका म्हणाले, "आपल्या झिलाक, सुबोधाक देवची असती तर गोष्ट येगळी. सून म्हणजे परक्याचा रक्त. पोर नाय, बाळ नाय. उद्या उठून म्हायारा गेली, तर तुझी किडनी खय शोधतलंस?"

"तिच्याच पोटात असेल की, काका. हरवणार कुठे?"

निधीला हसू आलं आणि ते आल्याचा तिला रागही आला. "आई, मस्करी नको ना. अठ्ठावन्न वर्षांची आहेस तू. उद्या उरलेल्या एका किडनीला काही झालं तर?"

"ते मी डॉक्टरांना विचारलंय. अनिरुद्ध सरांनी चित्र काढून दाखवलं. डावी काढतात, दुर्बिणीने. पोटाच्या खाली एवढाच काप घेतात." तिने बोटांनी दाखवलं. "एकीवर माणूस नीट जगतो. धोका अजिबात नाही असं ते म्हणाले नाहीत. किती आहे ते सांगितलं. तेवढा मला चालतो."

"आणि तिच्याशी तुझं पटतं तरी का? मागच्या महिन्यात तासभर फोनवर मला तिच्याच तक्रारी सांगत होतीस!"

"सांगत होते. पुन्हा सांगीन. तिला तोंड आहे, मलाही आहे. तोंडाचा आणि किडनीचा काय संबंध?"

"मग का देतेयस?"

शेवंतीने नवऱ्याकडे पाहिलं, मग काकांकडे. "सुबोधला लागली असती, तर आज ही सभा भरली असती का? मला पेढे आणून दिले असते तुम्ही. आई असावी तर अशी, म्हणाला असतात. सव्वीस वर्षं एका पट्ट्यावर बाया आणि पुरुष एकच काम करायचे आणि साहेब म्हणायचे, त्याचं काम वेगळं, तुमचं वेगळं. तिथे ऐकून घेतलं नाही. घरात का घेऊ?"

आतल्या खोलीचं दार उघडलं. श्वेता बाहेर आली. डाव्या हाताच्या कोपराजवळ सुया टोचून टोचून फुगलेली शीर ती ओढणीखाली झाकायची, आज झाकली नव्हती.

"मला नकोय," ती म्हणाली. "कुणी मला विचारलंच नाहीये म्हणून सांगते. आई, मला तुमची किडनी नकोय."

"का?"

"कारण ती घेतली की या घरात मला आयुष्यभर मान वर करून बोलता येणार नाही. टीव्हीचा आवाज कमी करा म्हणायची सोय राहणार नाही. तुम्ही काही बोलणार नाही, मला माहितेय. पण बाकीचे बोलतील. ताई बोलतील. बघ, आईने हिला जीव दिला आणि ही बघ कशी वागते."

निधीने मान खाली घातली, कारण ती नक्कीच तसं बोलली असती.

"तू गप्प बसणार असशील ना," शेवंती म्हणाली, "तर मलाही नाही द्यायची. गप्प सून मला घरात नकोय. वेड लागेल मला."

श्वेताच्या ओठांचा कोपरा हलला. पण तेवढ्यात चंद्रप्रकाशने टीपॉयवर हात आपटला.

"पुरे झालं! प्रयत्न करायचा तो तिच्या नवऱ्याने केला. सुबोधने दिलीच असती, डॉक्टरांनी नको म्हटलं म्हणून पोराचा नाइलाज झाला. त्याच्या डोळ्यांतलं पाणी मी बघितलंय. जिथे नवरा देऊ शकला नाही, तिथे सासूने कशाला पुढे व्हायचं? कोण मागतंय?"

सुबोध उठला. कुणाकडेही न बघता त्याने चपला घातल्या आणि दार उघडं टाकून जिन्याने वर गेला.

•

गच्चीवर कुणी नव्हतं. पाण्याच्या टाकीच्या सावलीत सुबोध उभा राहिला. समोर योगी हिलच्या इमारती आणि त्यांच्या मागे डोंगर. लहानपणी याच कठड्यावर बसून तो पतंग उडवायचा. तेव्हा पडायची भीती वाटत नसे.

आई वर येणार हे त्याला माहीत होतं. ती आली, धापा टाकत, एक हात कमरेवर ठेवून.

"बोल," ती म्हणाली.

"काय बोलू?"

"जे तोंडात घेऊन वर आलास ते."

त्याने बऱ्याच वेळा मनात म्हटलेलं वाक्य आता तुकड्या-तुकड्यांनी निघालं. "मला डॉक्टरांनी नाकारलं नव्हतं. माझ्या टेस्ट चांगल्या होत्या. सगळ्या. अनिरुद्ध सरांनी मला एकट्याला आत घेतलं आणि विचारलं, तुम्हाला मनापासून द्यायचीय का? मी हो म्हणायला गेलो आणि... रडायलाच लागलो, आई. मला कापतील, मी उठणारच नाही, असं वाटायला लागलं. ते म्हणाले, कुणावर जबरदस्ती नसते. घरच्यांना आम्ही एवढंच सांगतो की तुम्ही दाता म्हणून योग्य नाही. कारण कुणाला सांगत नाही. मी म्हटलं, तसंच सांगा."

खाली कुणीतरी कुकर लावला होता, त्याच्या दोन शिट्ट्या झाल्या.

"आठ महिने," शेवंती शेवटी म्हणाली. "आठ महिन्यांत तिला शंभर वेळा टोचलं असेल."

"माहितेय."

"तुला भीती वाटली त्याचा मला राग नाही. कुणालाही वाटेल. पण त्या भीतीला तू रिपोर्टचं नाव दिलंस आणि सगळ्यांकडून कीव गोळा केलीस. तुझा बाप तुझे डोळे पुसत होता. तुझी बायको तुझी समजूत काढत होती. त्याचा राग आहे. खूप आहे."

"मग मी देतो आता. तू नको देऊस. मी जातो उद्या."

"मनापासून?"

त्याने तोंड उघडलं. मग मागे हात नेऊन कठडा घट्ट धरला. आई त्याच्याकडे बघत राहिली, आणि तिच्या नजरेत तिरस्कार नव्हता हेच त्याला सोसवेना.

"बघ," ती म्हणाली. "म्हणून मी देतेय. मी काही शूरबिर नाही. सीटीच्या मशीनमध्ये घातलं तेव्हा माझेही पाय गार पडले होते. पण बाहेर आल्यावर द्यायची इच्छा होती तिथेच होती. तुझी नाही राहिली. संपलं."

"खाली सांगणार आहेस तू?"

"मी कशाला सांगू? तुझं तू बघ. पण तुझे बाबा तुझं नाव पुढे करून माझी वाट अडवतायत, हे तू ऐकलंस ना? ते मात्र मी चालवून घेणार नाही. ते नाव मागे घे. कसं घ्यायचं ते तू ठरव."

ती जिन्याकडे वळली. दोन पायऱ्या उतरून थांबली. "आणि चेहरा धुऊन ये. रडका चेहरा घेऊन सांगितलंस, तर पुन्हा सगळे तुलाच जवळ घेतील."

•

निधीने ताटं घेतली होती. भात मुरत होता आणि बांगड्याची आमटी गॅसवर होती. सुबोध आत आला तेव्हा तिला वाटलं, हा आता बाबांची माफी मागेल आणि आईला समजावेल. तिचा धाकटा भाऊ तसाच होता, सगळ्यांना सांभाळून घेणारा. सकाळी बाबांच्या सांगण्यावरून ती आली होती ती याच भरवशावर, की आपण दोघं मिळून आईला रोखू.

सुबोध बसला नाही. हॉलच्या मधोमध उभा राहिला आणि सगळं सांगितलं. डॉक्टरांच्या केबिनपासून. चेहरा ओला होता, पण पाण्याने.

निधीच्या हातात भाताचा डाव तसाच राहिला.

पहिले बोलले ते महादूकाका. "मगे? भियालो तर काय झाला? पुरुष माणूस आसा, त्येका घर चालवूचा हा. बरोबरच केल्यान."

"काका, तुम्ही जरा थांबा," चंद्रप्रकाश पुटपुटला. तो मुलाकडे असा बघत होता, जणू कुणी अनोळखी माणूस चुकून घरात शिरला आहे.

सगळ्यांना श्वेताकडे बघायचं होतं आणि कुणाची हिंमत होत नव्हती. ती आतल्या खोलीच्या चौकटीला टेकून उभी होती.

"ज्या दिवशी तू तो रिपोर्ट सांगितलास," ती सुबोधला म्हणाली, "त्या दिवशी मी डायलिसिसवरून आले होते. उभं राहवत नव्हतं मला. आणि मी तुझ्या केसांतून हात फिरवत म्हणत होते, जाऊ दे रे, तुझा काय दोष? आठवतं?"

"आठवतं."

"मला सांगितलं असतंस तर मी समजून घेतलं असतं. खरंच घेतलं असतं. मला वाटतं तुला ते माहीत होतं, आणि तरी तू सांगितलं नाहीस. आपण नंतर बोलू. आत्ता मला तुझ्याशी बोलायचं नाहीये." मग ती शेवंतीकडे वळली. तिचा श्वास भराभर चालला होता, पण आवाज चढला नाही. "आई, मघाशी नको म्हटलं ते मागे घेते. मला पाहिजे. मला जगायचंय. पवईच्या ऑफिसात माझं टेबल अजून रिकामं ठेवलंय त्यांनी, मला तिथे जाऊन बसायचंय. आणि मी गप्प राहणार नाही, आधीच सांगते."

"बरं झालं सांगितलंस," शेवंती म्हणाली.

निधीला एकाएकी स्वतःचीच लाज वाटली. आईच्या काळजीने ती बोरिवलीहून धावत आली होती, ती काळजी खोटी नव्हती. पण वहिनीला काय वाटत असेल हा विचार आजवर तिच्या डोक्यात एकदाही नीट आलाच नव्हता. सुबोधसाठी आई पुढे झाली असती, तर आपणच तिचे फोटो सगळ्या ग्रुपवर टाकले असते. आईने हे सकाळीच तोंडावर सांगितलं होतं आणि तिने ते तेव्हा कानाआड केलं होतं.

"बाबा," ती म्हणाली, "सही करा."

"तू पण?"

"मला अजून भीती वाटते. पण सही करा."

महादूकाका काठीवर भार देऊन उठले. "बायलांच्या सांगण्यान घर चलूक लागला तर माका विचारतास कित्याक? माका जेवूक नको."

शेवंतीने दोनदा आग्रह केला. ते थांबले नाहीत. निधी त्यांना रिक्षात बसवायला खाली गेली. रिक्षा सुरू होताना त्यांनी बाहेर डोकावून सांगितलं, "तुझ्या आवशीक काय झाला, तर माका दोष देव नकात. मी सांगलंय होता." निधीने हो म्हटलं. म्हाताऱ्याशी भांडण्यात अर्थ नव्हता, आणि त्याच्या डोळ्यांत राग होता त्याहून जास्त धास्ती होती हेही तिला दिसलं.

वर आली तेव्हा चंद्रप्रकाश खिडकीशी उभा होता आणि टीपॉयवरच्या समितीच्या फॉर्मवर सहीची जागा कोरीच होती.

•

समितीच्या खोलीत तीन माणसं होती आणि एक कॅमेरा. रतन मॅडमनी, म्हणजे हॉस्पिटलच्या प्रत्यारोपण समन्वयक बाईंनी, चंद्रप्रकाशला खुर्ची दाखवली. जे बोलाल ते रेकॉर्ड होईल, असं सांगितलं. शेवंतीला त्याच्या आधी अर्धा तास आत घेतलं होतं. ती बाहेर आली तेव्हा तिने त्याच्याकडे पाहिलंही नव्हतं. कालपासून दोघं एकाच घरात राहून बोलले नव्हते.

रात्रभर त्याने एकच गोष्ट मनात घोळवली होती. छत्तीस वर्षं झाली लग्नाला. ब्लेड नावाची वस्तू या बाईच्या अंगाला एकदाच लागली होती, सुबोधच्या वेळी, आणि तेव्हा तो ऑपरेशन थिएटरच्या बाहेर उभा राहून असा घाबरला होता की नर्सने त्याला पाणी आणून दिलं होतं. काल पोराने भीतीची गोष्ट सांगितली, तेव्हा त्याला पोराचा राग आला नाही. त्याला कळलं की भित्रेपणा पोराने कुठून घेतला.

मधल्या बाई चष्म्यातून त्याच्याकडे बघत होत्या. "तुमच्या पत्नीला आम्ही विचारलं, सुनेवर प्रेम आहे का? त्या म्हणाल्या, प्रेमाचं माहीत नाही, आमची रोज भांडणं होतात. मग का देताय, तर म्हणाल्या, ती माझ्या घरात राहते, माझ्याकडे दोन आहेत आणि तिच्याकडे एकही नाही. अशी उत्तरं आम्हाला सहसा मिळत नाहीत." त्यांनी कागद उलटला. "तुमच्या सहीची जागा रिकामी आहे. तुमची संमती आहे का?"

"नाही," चंद्रप्रकाश म्हणाला.

शेजारच्या डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. रतन मॅडमनी मान वर केली.

"घरातून त्यांच्यावर दबाव आहे, असं तुमचं म्हणणं आहे का?"

"दबाव?" त्याला हसूच आलं, आणि ते कॅमेऱ्यासमोर आलं म्हणून तो ओशाळला. "मॅडम, दबाव मी टाकला. देऊ नको म्हणून. काकांना आणलं, मुलीला आणलं. माझा मुलगा गप्प बसला होता, त्याच्या गप्प बसण्याचा मी फायदा घेतला. सून स्वतः आधी नको म्हणाली. सगळं घर एका बाजूला आणि ही एकटी एका बाजूला होती. तरी ती आज तुमच्यासमोर येऊन बसली. छत्तीस वर्षांत हिच्याकडून मनाविरुद्ध कुणी काही करून घेतलेलं मी बघितलं नाही. कंपनीच्या साहेबांना जमलं नाही, मला तर नाहीच नाही."

"मग तुमची हरकत कशाला आहे?"

"मला भीती वाटते," तो म्हणाला. मोठ्याने, चुकूनही खाली न बघता. "तिला काही झालं तर मी काय करू? तेवढीच हरकत आहे माझी. आणि ती तिच्या शरीराच्या आड यावी एवढी मोठी नाहीये. कुठे सही करायची?"

रतन मॅडमनी बोट ठेवलं. त्याने सही केली. मग खाली, ओळीच्या बाहेर, स्वतःहून लिहिलं: कोणीही जबरदस्ती केलेली नाही.

बाहेर शेवंती बाकावर बसली होती. तो तिच्या शेजारी बसला.

"केली," तो म्हणाला.

"आवाज बाहेर येत होता," ती म्हणाली. आणि जरा सरकून तिने त्याला नीट टेकायला जागा केली.

•

ऑपरेशन तेरा दिवसांनी झालं. शेजारशेजारच्या दोन थिएटरांत. आधी शेवंती गेली, मग श्वेता. साडेपाच तासांनी अनिरुद्ध सर टोपी काढत बाहेर आले आणि म्हणाले, श्वेताच्या उजव्या मांडीच्या वर, पोटाच्या खालच्या भागात नवी किडनी बसवलीय. जुन्या दोन आहेत तिथेच ठेवल्यात. रक्त सोडल्याबरोबर ती गुलाबी झाली आणि टेबलावरच तिने लघवी करायला सुरुवात केली. चंद्रप्रकाशने त्यांचे हात धरले. निधी भिंतीला टेकून खालीच बसली. सुबोध पुढे आला, काहीतरी विचारायला गेला, आणि न विचारता मागे झाला.

श्वेताला ते सगळं नंतर कळलं. तिला वेगळ्या खोलीत ठेवलं होतं, कारण नव्या किडनीला शरीराने शत्रू समजू नये म्हणून दिलेल्या औषधांनी तिची प्रतिकारशक्ती खाली गेली होती. साधी सर्दीही चालणार नव्हती. आत येणाऱ्या प्रत्येकाला मास्क आणि गाऊन. पोटात दुखत होतं. पण डोकं हलकं होतं. दोन वर्षांत पहिल्यांदा तिला तोंडात तो लोखंडासारखा कडवट स्वाद जाणवला नाही. सिस्टर दर तासाला वाकून नळीखालच्या पिशवीतलं माप बघायची आणि लिहून घ्यायची.

चौथ्या दिवशी सकाळी सुबोधला पाच मिनिटं आत सोडलं. मास्कच्या वर त्याचे डोळे सुजलेले होते.

"श्वेता, मी—"

"माफी मागू नको," ती म्हणाली. "आज मी द्यायला तयार नाही, आणि तू मागितलीस की मला नाही म्हणावं लागेल. मला दमायला होतं. तीन महिने मला कुठे जाता येणार नाही. तेवढ्यात मी ठरवीन की तुझ्याबरोबर राहायचं की नाही. माझं मी ठरवीन. तुझ्या घरच्यांची सभा नको."

"नाही भरणार."

"आणि तोवर अपराध्यासारखा दारात उभा राहू नकोस. रोज बारा तासांच्या अंतराने गोळ्या घ्यायच्यात, एक मिनिट इकडे-तिकडे नाही. सिस्टरकडून यादी घे. पाठ कर. तेवढं येतं तुला."

त्याने मान हलवली आणि यादी मागायला गेला. त्याची पाठ तिने काचेतून दूर जाईपर्यंत पाहिली. राग होता. त्याच्याशेजारी दुसरंही काहीतरी होतं, पण त्याला नाव द्यायची तिला घाई नव्हती.

मग त्याच काचेपलीकडे शेवंती दिसली. हॉस्पिटलचा निळा गाऊन, केस विंचरलेले, एका हाताने पोट धरलेलं, दुसरा हात चंद्रप्रकाशच्या खांद्यावर. चालायला सांगितलंय म्हणून ती वॉर्डाच्या फेऱ्या मारत होती आणि मारता मारता इथवर आली होती. आत यायची परवानगी नव्हती. तिने खुणेने फोन कर म्हणून सांगितलं. श्वेताने उशाजवळचा मोबाइल उचलला.

"दुखतंय का?" श्वेताने विचारलं.

"दुखतंय तर. खोकला आला की जीव जातो. तुझं?"

"दुखतंय."

"किती झाली?"

"काय किती?"

"लघवी गं! काल सकाळपासून किती झाली?"

श्वेताने सिस्टरच्या तक्त्याकडे मान वळवली. "साडेतीन लिटर. रक्तातलं क्रिएटिनिन नऊवरून दीडवर आलंय."

"साडेतीन लिटर?"

"हो."

शेवंतीने फोन खाली घेतला. कॉरिडॉरमध्ये बाकांवर दहा-बारा माणसं बसली होती. कुणाच्या मांडीवर फाइल, कुणाच्या हातात डबा. तिने त्यांच्याकडे वळून अशा आवाजात सांगितलं, जो सव्वीस वर्षं मशीनच्या खडखडाटावर मात करत आला होता. "साडेतीन लिटर लघवी झाली! माझ्या सुनेला!"

माणसं वळून बघू लागली. एक म्हातारा गोंधळून उभाच राहिला. चंद्रप्रकाशचे कान लाल झाले. "अगं, हळू. लोक बघतायत."

"का हळू?" शेवंती म्हणाली. "चोरून दिलीय का?"

काचेच्या आत श्वेता हसायला लागली, टाक्यांवर हात दाबून, दुखतंय दुखतंय म्हणत.